"थोडा गहू खाल्लाय": फलटणच्या एका घोडीच्या पायाची पूर्ण केस

ही केस बरेच दिवस लिहायची होती. घोड्यांचं काम करणाऱ्या नव्या डॉक्टरांसाठी आणि त्याहून जास्त ज्यांच्या दारात एक-दोन घोडी आहेत त्यांच्यासाठी लिहितोय. यात माझी एक चूक आहे आणि ती मधे येईल तिथं सरळ सांगणार आहे, कारण ती वगळली तर केस सांगण्यात काही अर्थ उरत नाही.

फलटण तालुक्यातलं गाव, ऊसपट्टा. मालकांना सगळे अण्णा म्हणतात, साठीच्या पुढचे. वडलांपासून घरात घोडी, लग्नाच्या वरातीला आणि जत्रेला देतात. घोडीचं नाव चंद्रा. नऊ वर्षांची, कुमेत रंग, कपाळावर चंद्र, कान आत वळलेले म्हणजे काठियावाडी किंवा मारवाडी रक्त नक्की, बाकी मिश्र. चंद्राचं रोजचं सगळं अण्णांचा पुतण्या बघायचा, सतरा-अठरा वर्षांचा पोरगा, खरारा, पाणी, लीद काढणं, रात्री बांधणं. पोरगा मनापासून करायचा, हे आधीच सांगतो.

एप्रिलचा दुसरा आठवडा. नवा गहू घरात आलेला, पोती गोठ्याला लागून असलेल्या खोलीत. रात्री खोलीची कडी नीट लागली नाही आणि घोडीचा दोरही सुटला. पहाटे पाचला अण्णा उठले तर चंद्रा खोलीत, एक पोतं फाडलेलं, तोंडाला गव्हाचा भुगा. त्यांनी तिला बाहेर काढून बांधलं, बघितलं तर घोडी एकदम तरतरीत, कान उभे, पाणी प्यायली. आता आमच्या भागात घरोघरी संकरित गाई आहेत, त्यामुळं गाईनं जास्त धान्य खाल्लं की काय होतं हे लोकांना पाठ आहे. अण्णांनी तोच उपाय केला, शंभरेक ग्रॅम खाण्याचा सोडा पाण्यातून पाजला आणि घोडी ठीक दिसतेय म्हणून कामाला गेले.

गाईत धान्य आधी मोठ्या पोटात जातं, गडबड तिथंच सुरू होते, काही तासांत डावी बाजू फुगलेली दिसू शकते. घोड्याचं पोट लहान, आठ ते पंधरा लिटरचं, आणि अन्न तिथं फार थांबत नाही. लहान आतड्याला पिष्ट म्हणजे धान्यातला स्टार्च पचवायची एक मर्यादा आहे आणि त्याच्यावरचं सगळं न पचता मागच्या मोठ्या आतड्यात जाऊन पडतं. तिथं जे जिवाणू चारा आंबवायचं काम करतात त्यांचा तोल बिघडतो, आम्ल वाढतं, चारा पचवणारे जिवाणू मरतात आणि मरताना त्यांच्या अंगातलं विष आतड्याच्या सुजलेल्या अस्तरातून रक्तात उतरतं. या सगळ्याला तास लागतात. त्या तासांत घोडा बाहेरून चांगला दिसतो, आणि उपचाराची खरी वेळ तीच असते. दुखायला लागेपर्यंत अर्धी वेळ गेलेली असते.

दुपारी दोनला मला फोन आला. मी साठ किलोमीटर लांब एका शिंगराच्या केसमधे अडकलेलो. अण्णा म्हणाले, "डॉक्टर, चंद्रा जरा मलूल झालीय, पुढच्या पायानं माती उकरती, लीद पातळ टाकलीय. रात्री थोडा गहू खाल्लाय बघा."

मी म्हणलं पोटात कळ येत असणार, चारा काढून घ्या, लोळू देऊ नका, हळूहळू फिरवत राहा, मी संध्याकाळी पोचतो.

ही माझी चूक. पोटशूळाला फिरवा हे आपल्याकडं शंभर वर्षं सांगत आलेत, मीही शेकडो वेळा सांगितलंय, आणि साध्या पोटदुखीत थोडं चालवणं चालतंसुद्धा. पण "थोडा" म्हणजे किती, हे मी विचारलं नाही. किती वाजता खाल्ला विचारलं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे खुरावर हात ठेवून बघा, गरम लागतंय का, हे मी सांगितलं नाही. तीन वाक्यं होती, अर्ध्या मिनिटाचं काम. पोरग्यानं माझा शब्द खाली पडू दिला नाही. तीन ते पाच, दोन तास, एप्रिलच्या उन्हात, डांबरी रस्त्यावर, लोखंडी नाल ठोकलेल्या पायांनी त्यानं तिला फिरवलं. पाचनंतर ती हलेना म्हणून थांबला.

साडेसातला पोचलो. घोडी लांबून बघितली तेव्हाच पोटात खड्डा पडला. पुढचे दोन्ही पाय पुढं ताणलेले, अंगाचा भार मागं टाकलेला, एकदा हा पाय हलका करायची एकदा तो. तपासणी लिहून ठेवलेली आहे तीच देतो. नाडी मिनिटाला 68, शांत उभ्या घोड्याची 28 ते 44 असते. श्वास 28, एरवी आठ ते सोळा. ताप 102.4 फॅरनहाइट. हिरड्या गडद लाल आणि दातांच्या कडेला जांभळट रेघ, बोट दाबून सोडल्यावर रंग परत यायला तीन सेकंद, ते दोनच्या आत व्हायला पाहिजे. पोटाचे आवाज चारही बाजूंना मंद, मधेच नुसतं पाणी खळखळल्यासारखं. लिदीला आंबूस वास आणि त्यात अख्खे गहू. मग पाय. पुढची दोन्ही खुरं गरम, आणि टाचेच्या वरच्या सांध्याच्या मागं बोट ठेवलं तर नाडी अशी उडत होती की मोजायला शोधावी लागली नाही. चांगल्या घोड्यात ती नाडी कशीबशी लागते. खुराच्या चिमट्यानं पुढच्या टोकाला जरा दाबलं तर घोडीनं पाय ओढून घेतला.

मग पोतं आणायला लावलं आणि उरलेला गहू मोजला. पन्नास किलोच्या पोत्यात बेचाळीस किलोच्या आसपास उरला होता, सांडलेला धरूनसुद्धा. म्हणजे साताठ किलो पोटात गेलेला. टेपनं घोडी मोजली, छातीचा घेर 170 सेंटिमीटर, लांबी 155. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 11,880, म्हणजे वजन साधारण 377 किलो. एवढ्या घोडीला एका वेळेला किलोमागं एक ग्रॅमच्या पुढं पिष्ट जाऊ नये असं धरतात, म्हणजे तिची मर्यादा 380 ग्रॅमच्या आत. आठ किलो गव्हात पावणेपाच किलो तरी पिष्ट असतं. बारा पटीच्या वर. "थोडा" चा हिशोब हा असा होता आणि तो मला दुपारी दोनलाच फोनवर करता आला असता.

आता पायाचं थोडं समजून घ्या, कारण बाकी सगळं त्याच्यावर आहे. घोड्याच्या खुरात आत एक हाड असतं, खुराच्याच आकाराचं, आणि ते खुराच्या भिंतीला आतून लटकलेलं असतं, तळव्यावर टेकून उभं नसतं. पावसाळ्यात अळंबी उगवते तिच्या छत्रीखाली जसे पातळ पदर असतात तसे पदर भिंतीच्या आत असतात, एका पायात साडेपाचशे-सहाशे, आणि त्या प्रत्येकावर परत शे-दीडशे बारीक पदर. हाडाकडचे पदर आणि भिंतीकडचे पदर एकमेकांत गुंतलेले, त्या गुंतण्यावर घोडा उभा. अंगाचा साठ टक्के भार पुढच्या दोन पायांवर, म्हणजे चंद्राच्या एकेका पुढच्या पायावर एकशे दहा-पंधरा किलो, नुसती उभी असताना. आतड्यातून रक्तात आलेल्या गोष्टींनी हे पदर सुजतात आणि त्यांची पकड सुटायला लागते, यालाच लॅमिनायटिस म्हणतात. पकड सुटली की पायामागची कंडरा हाडाला मागं ओढते आणि हाडाचं टोक खाली तळव्याकडं फिरतं. अशा वेळेला चालवणं म्हणजे सुटत्या शिवणीला दोन्हीकडून हिसके देणं. दोन तास तेच झालं होतं.

उपचाराचं मोजकं सांगतो. आधी नाकातून नळी पोटात, कारण घोड्याला उलटी करता येत नाही, पोट तटतटलं तर फुटतं. तीनेक लिटर आंबट पाणी आणि गहू निघाले, नळी धुऊन परत बघितलं, काही येईना तेव्हा चार लिटर लिक्विड पॅराफिन सोडलं. मानेच्या शिरेत सुई लावून सलाईन. अंगातलं पाणी सहा टक्क्यांच्या आसपास कमी होतं म्हणजे बावीस-तेवीस लिटरची तूट, त्या रात्री वीस लिटर दिलं. पोरग्यानं गाडीवरून दोन मेडिकल पालथी घातली. सूज आणि दुखणं कमी करणारं फ्लुनिक्सिन किलोला 1.1 मिलिग्रॅम, शिरेतून. स्टिरॉइड नाही, कुणी कितीही सांगितलं तरी अशा घोड्याला नाही, त्यानं लॅमिनायटिसचा धोका वाढतो. फेनिलब्युटाझोन, हेही त्याच जातीचं औषध, तिसऱ्या दिवसापासून, फ्लुनिक्सिन बंद करून मगच, कारण दोन्ही एकत्र दिली तर पोटात व्रण आणि मूत्रपिंडाला मार.

आणि बर्फ. यावर जरा थांबतो. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडला पोलिट आणि व्हॅन एप्स या संशोधकांनी 2004 च्या सुमारास दाखवून दिलं की लॅमिनायटिस सुरू व्हायच्या आधीपासून पाय सलग बर्फाच्या पाण्यात ठेवले तर पदरांचं नुकसान खूप कमी होतं. सलग म्हणजे दोन-तीन दिवस, रात्रंदिवस. दिवसातून दोनदा नळाचं पाणी मारणं याच्यात मोडत नाही. लंगडणं सुरू झाल्यावरसुद्धा फायदा होतो पण कमी. आम्ही रात्री दहाला सुरू केलं, म्हणजे उशिराच. पहिली लादी रस्त्यावरच्या रसवंतीवाल्यानं दिली, पैसे घेतले नाहीत, मग बर्फाच्या कारखान्यातून. पाय बुडवायला काही मिळेना तेव्हा खताच्या पोत्यातल्या जाड प्लॅस्टिकच्या पिशव्या धुऊन घेतल्या, पाय आत, गुडघ्याच्या खालपर्यंत बर्फाचा चुरा आणि पाणी, वरून बँडेज सैलसर. दर तासा-दीड तासाला भरायचं. पोरगा, त्याची आई आणि शेजारचे दोघं, चौघांनी पाळ्या लावल्या. बहात्तर तास. मला त्या घराबद्दल आजही आदर वाटतो तो यासाठी.

गोठ्यात सहा-सात इंच नदीची वाळू पसरली, खूर तिच्यात रुततं आणि तळव्याच्या मागच्या भागाला आधार मिळतो. दुसऱ्या दिवशी नाल काढले. नालबंद जुना जाणता माणूस, त्याला विनंती केली की हातोड्याचा एकही ठोका नको, खिळ्यांची वळलेली टोकं कानशीनं घासून एकेक खिळा ओढून काढा. एका खुराला अर्धा तास लागला. मग जाड थर्माकोल खुराच्या आकाराचा कापून तळव्याला चिकटपट्टीनं बांधला, घोडीच्या भारानं तो दबून बरोबर साच्यासारखा बसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाडी 60, हिरड्या सुधारलेल्या, पण पाय वाईट. ओबेल नावाच्या स्वीडिश डॉक्टरनं 1948 साली लॅमिनायटिसच्या लंगडण्याच्या चार पायऱ्या लावून दिल्या त्या आम्ही अजून वापरतो. चंद्रा तिसरीत होती, म्हणजे हलायला तयार नाही आणि एकही पाय उचलू देत नाही. अण्णांनी विचारलं शिरवळच्या पशुवैद्यकीय कॉलेजला नेऊ का. तिथं सोयी जास्त आहेत, एरवी मी स्वतः पाठवलं असतं, पण ज्या घोडीला दोन पावलं टाकवत नाहीत तिला टेम्पोत चढवायचं आणि तासभर हिंदकळत न्यायचं हे मला पटलं नाही. त्याऐवजी पाचव्या दिवशी पुण्याहून एक सहकारी छोटं एक्स-रे मशीन घेऊन आला.

डाव्या पायात हाड सहा अंश फिरलेलं, उजव्यात चार. जुना ठोकताळा असा की साडेपाच अंशांच्या आत असेल तर घोडा बहुतेक परत कामाला लागतो, साडेअकराच्या पुढं गेला तर कठीण. अंशांवर सगळं ठरत नाही, तळव्याची जाडी किती उरलीय आणि घोडा दिसतो कसा हेही बघावं लागतं. चंद्रा सहाव्या दिवशी रात्री आडवी झाली आणि सकाळी स्वतः उठली, खायला तोंड लावलं. मी अण्णांना सांगितलं की वाचेल, पण वर्ष जाईल.

अण्णा थोडा वेळ गप्प बसले. सगळा लग्नाचा सीझन पुढं होता, बयाणे घेतलेले. मग त्यांनी विचारलं, "फिरवलं म्हणून झालं का हे?"

काय सांगायचं हा प्रश्न मला पडला नाही असं नाही. गहू खाल्ला म्हणून झालं हे खरंच होतं, तेवढं सांगून निघता आलं असतं. पण पोरगा तिथंच उभा होता, चार दिवस नीट झोपलेला नव्हता, आणि आपण फिरवलं म्हणून घोडी अधू झाली हे तो मनात घेऊन बसला होता, त्याच्या तोंडावर दिसत होतं. मी म्हणलं, अण्णा, रोग गव्हानं झाला, पण फिरवल्यानं वाढला, आणि फिरवा मी सांगितलं. यानं माझं ऐकलं, याची काही चूक नाही. अण्णा काही बोलले नाहीत. चहा आला. पोरगा बाहेर निघून गेला आणि बऱ्याच वेळानं डोळे धुऊन आत आला.

त्यानंतर त्याला बसवून पाय शिकवला. दोन बोटं टाचेच्या वरच्या सांध्याच्या मागं, आतल्या आणि बाहेरच्या बाजूला, दोरीसारखं लागतं त्याच्यावर हलकं ठेवायचं, दाबायचं नाही, दाबलं तर नाडीच बंद होते. तळहातापेक्षा हाताची मागची बाजू खुराला लावायची, गरम-गार तिला चांगलं कळतं. रोज सकाळी खरारा करायच्या आधी, काम व्हायच्या आधी, चारही पाय. रोज बघितलं तरच हाताला ठाऊक होतं की नेहमीचं काय, आणि मग वेगळं लगेच कळतं. आपल्याकडच्या जुन्या मोतद्दारांना, म्हणजे घोडी सांभाळणाऱ्यांना, हे ठाऊक होतं. घोड्याच्या वैद्याला आपण सलोत्री म्हणायचो, तो शब्द शालिहोत्रावरून आला, अश्ववैद्यकावर लिहिणाऱ्या प्राचीन आचार्यावरून. एवढी लांबची ही विद्या, आणि मला राहून राहून वाटतं की तिचा अर्धा भाग पागेतल्या माणसाच्या हातात होता. आता पागा राहिल्या नाहीत, घोडी वरातीपुरती राहिली आणि ते हात तयार करणारं कुणी उरलं नाही. आम्ही डॉक्टर औषधं लिहून निघून येतो.

पुढचं वर्ष नालबंदाचं होतं, माझं काम कमी. दर चार-पाच आठवड्यांनी खुराचा पुढचा भाग आखडता घ्यायचा, टाच जपून उतरवायची, म्हणजे पाऊल उचलताना पुढच्या भिंतीवर ताण येत नाही. नालबंदाला आधी पटेना, त्याच्या हिशोबानं लांब खूर म्हणजे रुबाबदार खूर. त्याला एक्स-रे दाखवला, हाड आणि भिंत यांच्यातली काळी फट बोटानं दाखवली, मग तो स्वतःच म्हणाला अजून थोडं घेऊ. खूर महिन्याला आठ-दहा मिलिमीटर वाढतं, पुढचं टोक पूर्ण नवं यायला नऊ महिने ते वर्ष. घाई करण्यासारखं त्यात काही नसतं.

खाणं पूर्ण बदललं. गूळ बंद, उसाचं वाढं बंद, धान्याची चंदी बंद. कडबा आणि वाळलेलं गवत मिळून दिवसाला साडेसहा-सात किलो, चार वेळा वाटून, गवत आधी तासभर पाण्यात भिजवून म्हणजे त्यातली साखर थोडी उतरते, मीठ आणि खनिज मिश्रण. अण्णांना उपाशी मारतोय असं वाटायचं, वरातीच्या घोडीला अंग दिसायला पाहिजे ही त्यांची जुनी समजूत. पण मानेवर चरबीचा जो कडक पट्टा होता तो चार महिन्यांत मऊ झाला तेव्हा त्यांनीच मला हात लावून दाखवला.

भाद्रपदात एकदा उजव्या तळव्यात पू झाला, लॅमिनायटिसनंतर होतो असा, उघडून निचरा केला, पंधरा दिवसांत भरला. बाकी अडचण आली नाही.

ऑक्टोबरमधे रात्री अकराला पोरग्याचा फोन. मला वाटलं चंद्राला काही झालं. तर तो शेजारच्या गावातल्या कुणाच्या घोड्याजवळ उभा होता, त्या घोड्यानं मक्याची पेंड आणि भरडा खाल्ला होता. म्हणाला, "सर, दोन तासांपूर्वी खाल्लंय, घमेलंभर, मी मोजलं, पाच किलोच्या वर असणार. खूर गार आहेत, नाडी लागत नाही अजून. मी फिरवू दिलं नाही. बर्फ आणायला माणूस गेलाय." मी गाडी काढली, चाळीस मिनिटांत पोचलो. पोटातून बरंच निघालं, तीन दिवस बर्फ, तो घोडा एक पाऊलसुद्धा लंगडला नाही.

आता फोनवर मी आधी तीन गोष्टी विचारतो: किती, कधी, आणि खुराला हात लावून सांगा. सांगणारा चिडला तरी चालेल, हात लावून मगच बोला म्हणतो. पोटात कळ असली आणि खूर गरम असलं तर जिथं आहे तिथंच, मऊ जमिनीवर, उभा राहू दे.

चंद्राला या मे महिन्यात तेरा महिने झाले. पुढच्या दोन्ही खुरांवर त्या एप्रिलची आडवी वळी होती ती खाली सरकत सरकत टोकाला आली आणि मागच्या छाटणीत नालबंदानं ती कापून टाकली. एक्स-रेमधे डावा पाय दोन अंशांवर आलाय. मातीत चालते, दुडकी चालसुद्धा लंगडल्याशिवाय येते. डांबरावर अजून नको म्हणलंय, आणि डीजेसमोर नाचवायचं कायमचं बंद, ते अण्णांनी माझ्या आधीच ठरवलं होतं. गावच्या यात्रेत देवाच्या पालखीपुढं ती अर्धा किलोमीटर मातीच्या वाटेनं चालली, पाठीवर कुणी नाही, लगाम पोरग्याच्या हातात. परत आल्यावर त्यानं आधी पाय बघितले आणि मला फोन केला की चारही गार आहेत.